उजव्या चाकाची पिन

गाडी आमची आहे हे अहमदपुरात बऱ्याच जणांना खरं वाटायचं नाही. पत्र्याचं घर, मागं दोन शेळ्या, आणि दारात निळी, चार दारांची मोटार. अप्पांनी ती नांदेडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली होती. डॉक्टरांना दिसेनासं झालं आणि गाडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या, तेव्हा. त्याआधी अप्पा लातूरला एका डाळमिलमध्ये फिटर होते. मिलच्या पट्ट्यात उजवा हात सापडला. बोटं तुटली नाहीत, पण मधली दोन आखडून तशीच राहिली आणि मूठ मिटेना. मूठ मिटली नाही तरी स्टिअरिंग धरता येतं, असं म्हणत ते अहमदपूरला परत आले आणि ड्रायव्हर झाले. पण पाना धरता येत नाही, हे त्यांनी पुढं सांगितलं नाही. ते आम्हाला गाडी पहिल्यांदा बिघडली तेव्हा कळलं. मग पाना माझ्या हातात आला. मी एकुलती एक, सतरा वर्षांची, मॅट्रिकला गणितात एकदा आपटलेली, आणि हात बारीक. बांगड्या उतरवून ठेवल्या की माझा हात इंजिनच्या कुठल्याही सापटीत कोपरापर्यंत जायचा. अप्पा शेजारी उकिडवे बसून सांगायचे, मी करायची. शेजारपाजारचे म्हणायचे, वैजप्पाची पोरगी गाडीखाली झोपती, हिला कोण करून घेणार. माय त्यांना उत्तर द्यायची नाही. मी आत आले की मात्र माझ्या हातावर आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा आणि मग चुलीतली राख चोळायची. पाणी शेवटी. तेही फडक्याचं टोक भिजेल एवढंच.

कारण पाणी नव्हतंच. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच नवा झाला होता. लातूरला कचेऱ्या आल्या होत्या, पण कचेऱ्यांना खुर्च्या नव्हत्या, आणि जिथं खुर्च्या आल्या तिथं साहेबांना फिरायला जीप नव्हती. पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं रंगवलेलं, ऊन तिरपं पडलं की खालचं नाव वर दिसायचं. लोकांना नव्या जिल्ह्याचं कौतुक होतं. पण नेमकं तेव्हाच सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. विहिरी इतक्या खोल गेल्या की पोहरा सोडला तर तो टेकल्याचा आवाज यायचा, बुडाल्याचा नाही. आमच्या गल्लीत चौथ्या दिवशी टँकर यायचा. कधी सकाळी, कधी दुपारी, त्याचा नेम नव्हता. त्यामुळं बायका दिवसभर एक कान रस्त्याकडं लावूनच कामं करायच्या. माय भाकरी थापतानाही मधेच हात थांबवून ऐकायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची वाळवलेली भाजी, लसणाची चटणी. भात बंदच केला होता, तांदूळ धुवायलाच तांब्याभर पाणी जातं म्हणून.

त्या उन्हाळ्यात पाण्याच्या खात्याचे एक साहेब अहमदपूरच्या विश्रामगृहात मुक्कामाला आले. सोनटक्के साहेब. नागपूरकडचे, तिशीच्या आतले, उन्हानं नाकाचं कातडं सोललेलं. बोर कुठं घ्यायचा ती जागा दाखवणं हे त्यांचं काम. जमिनीत चार लोखंडी खुंटे ठोकायचे, त्यांना तारा जोडायच्या, एका पेटीतला काटा कुठं हलतो ते बघायचं आणि चुन्याची फुली मारायची. ते एका वाडीवर फुली मारत तेव्हा पुढच्या वाडीचे लोक आधीच सडकेवर येऊन उभे असत. खात्याकडं जीप नव्हती म्हणून उन्हाळ्यापुरती आमची गाडी लावून घेतली. अप्पांच्या आयुष्यात त्याहून मोठी गोष्ट झाली नव्हती. रोज पहाटे वाटीभर पाण्यात लिंगपूजा उरकून, कपाळाला भस्म लावून, ते गाडी कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि विश्रामगृहाकडं जायचे. साहेब पुढं त्यांच्या शेजारी बसायचे, मागच्या सीटवर पेटी आणि खुंटे.

आवाज सुरू झाला तो साधारण तेव्हाच. गाडी आमच्या गल्लीत वळताना पुढून टक् असा एक आवाज यायचा. दाराची कडी कुणीतरी एकदाच वाजवावी तसा. पहिल्या दिवशी मला वाटलं दगड उडाला. दुसऱ्या दिवशी मी अप्पांना विचारलं तर म्हणाले, "रस्ता खराब हाय." मग मी रोज ऐकू लागले. संध्याकाळी गाडी यायच्या वेळेला मी दारात येऊन उभी राहायची. आज वाजेल का, कालच्यापेक्षा मोठ्यानं वाजेल का. आणि वाजायचंच. पुढं पुढं खड्ड्यातही वाजायला लागलं. मी परत विचारलं. अप्पा चिडले. "तुला काय करायचं गं? मी चालवायलो न्हाई का?" अप्पा चिडत नसत. म्हणून मला जास्तच भीती वाटली.

एका संध्याकाळी ते अंघोळीच्या दगडावर बसून नुसतेच पायावर फडकं फिरवत होते तेव्हा मी जॅक लावून पुढचं डावं चाक उचललं, टायरला वरून खालून धरलं आणि हलवलं. चाक माझ्या हातात खुळखुळलं. लहान मुलाचा पडायला आलेला दात हलतो तसं. मी उजवं उचललं. तेही हलत होतं, जरा कमी. मागं वळून बघते तर अप्पा माझ्या मागं उभे.

"बॉल जॉइंट गेलेत," ते हळूच म्हणाले.

मला तो शब्द नवा होता. त्यांनी मला खाली बसवलं आणि स्वतःच्या मांडीच्या सांध्यावर हात ठेवून सांगितलं, "माणसाच्या खुब्यात कसं, वाटीत गोळा बसतो, म्हणून पाय सगळीकडं फिरतो. चाकाचं तसंच. वरखाली बी झालं पायजे अन् डावंउजवं बी वळलं पायजे. म्हणून चाकाच्या माथ्याला हा सांधा असतो. वाटी झिजली की गोळा खेळायला लागतो."

"अन् लई झिजली की?"

"निघतो."

"मग?"

"मग चाकाचा वरचा धर सुटतो. चाक मुडपतं," अप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीबद्दल बोलल्यासारखं पुढं म्हणाले, "उभ्या गाडीत झालं तर काय न्हाई."

लातूरला गॅरेजात टाकायची तर दोन-तीन दिवस गाडी अडकणार. एक दिवस जरी गाडी दारात नसली तर खातं दुसरी लावणार, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. शनिवारी साहेबांना अर्ध्या दिवसात सोडून अप्पा एसटीनं नांदेडला गेले आणि रात्रीच्या गाडीनं परत आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन नवे सांधे, दोन रबरी टोप्या आणि दोन पिना त्यांनी देवाच्या फळीवर ठेवल्या. रविवार आमच्या हातात होता.

त्या गाडीचं एक बरं होतं. तिचं पुढचं सगळं नाकाड, दिव्यांसकट आणि मडगार्डांसकट, संदुकीचं झाकण उघडावं तसं पुढच्या बाजूला उलटायचं. दोन्ही चाकं आणि इंजिन उघडं पडायचं. आज माझ्या नातवाच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर प्लास्टिकच्या झाकणाखेरीज काही दिसत नाही. तेव्हा चुलीसारखं सगळं समोर असायचं. सकाळी सातला आम्ही सुरुवात केली. दोन्ही मागच्या चाकांना दगड, पुढं जॅक, आणि जॅकवर भरवसा नको म्हणून खाली बाभळीचा ओंडका. डावं चाक काढलं. सांधा वरच्या दांड्याला दोन बोल्टांनी धरलेला असतो, ते सुटले. पण त्याची निमुळती खुंटी चाकाच्या खांबात बसलेली असते, ती जन्माची रुतली होती. वर्षानुवर्षांचा चिखल आणि गंज. अप्पा म्हणाले, "नट पुरता काढू नको, दोन आटे राहू दे. न्हाईतर उडंल अन् तोंडावर बसंल." मग एका बाजूनं मोठा हातोडा टेकवून धरायचा आणि समोरून दुसऱ्यानं मारायचं. धरायचं काम अप्पा डाव्या हातानं करत होते. मी मारत होते. पहिले वीसेक घाव तर मी त्यांच्या हातावर बसेल या भीतीनं हलकेच मारले. शेवटी ते ओरडले, "हात माझा हाय, तू मार!" मी डोळे मिटून मारलं. ठण्ण असा आवाज झाला आणि खुंटी सुटली. सगळी गल्ली दारात आली होती.

जुना सांधा अप्पांनी तळहातावर घेतला. गोळा वाटीत नुसता फिरत होता. त्यांनी तो उलटा केला तर गोळा लोंबकळला. मग ते उठून तो शेळ्यांच्या मागं खड्ड्यात टाकून आले. मला हातात घेऊ दिला नाही.

नवा बसवायला वेळ लागला नाही. खुंटी खांबात घालायची, आतल्या बाजूनं नट आवळायचा. नटाला वर खाचा असतात आणि खुंटीला आरपार भोक असतं. खाच भोकासमोर आली की त्यातून ती दोन पायांची, केसातल्या आकड्यासारखी पिन घालायची आणि पाय फाकवून मुडपायचे. मग नट कितीही हादरे बसले तरी मागं फिरत नाही. "नट आवळतो माणूस," अप्पा म्हणाले, "अन् राखती ही पिन." डावीकडची पिन मी त्यांच्या देखत घातली आणि पक्कडीनं पाय मुडपले. दुसरी पिन मी मायच्या स्टीलच्या वाटीत, रॉकेलमध्ये ठेवली होती.

उजवी बाजू व्हायला दुपार उलटली. तिकडची खुंटी लवकर सुटली. नवा सांधा बसवला, दोन्ही पायांनी पान्यावर जोर देऊन नट आवळला, खाच बरोबर भोकासमोर आणली आणि वाटीकडं हात केला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, "टँकर आलाऽऽ!"

जे त्या काळात आमच्याकडं राहिले नाहीत त्यांना हे सांगून कळणार नाही. ती हाक आली की माणूस हातातलं जेवणाचं ताट टाकायचा. मी उठले, अप्पा उठले, माय दोन घागरी घेऊन पुढं पळाली, मी हंडा आणि पत्र्याचा डबा उचलला. ग्रीसच्या हातांनी मी त्या गर्दीत घुसले, एका बाईच्या लुगड्याला डाग पडला, तिनं शिव्या घातल्या. तास गेला. आठ खेपा झाल्या. परत आले तेव्हा दिवस कलला होता आणि हात भरून आले होते. अप्पा म्हणाले, "चाक लाव, उरकू." मी चाक लावलं, त्याचे नट आवळले, जॅक उतरवला, नाकाड मिटलं. अप्पांनी गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारली. आवाज नाही. माय दारातून हसली. महिनाभरात ती पहिल्यांदाच हसली असेल. त्या रात्री मायनं गूळ घालून भाताची खीर केली.

सोमवारी अप्पा गेले त्याला तास झाला असेल. मी अंगण झाडत होते. मायनं आतून हाक मारली, "सुमे, माझी वाटी दे. चटणी काढायचीय." मी पत्र्याच्या आडोशाला ठेवलेली वाटी उचलली, रॉकेल मातीत ओतलं, आणि वाटीच्या तळाला ती पिन दिसली. दोन्ही पाय सरळ. मुडपलेले नाहीत. नवी कोरी.

आधी मला वाटलं जुनी असेल. पण जुन्या दोन्ही तुकडे करून काढल्या होत्या. मग वाटलं, अप्पांनी तिसरी आणली असेल. मी देवाच्या फळीवरचा कागद जाऊन बघितला. दुकानदारानं कागदावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, पिन दोन.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मनात आलं की सांगायचंच नाही. नट मी दोन्ही पायांनी आवळला होता. संध्याकाळी अप्पा आले की गुपचूप घालून टाकू. मी पिन परकराच्या नेफ्यात खोचली आणि झाडू परत हातात घेतला. दहा-बारा वेळा फिरवला असेल. मग मी मायसमोर जाऊन उभी राहिले आणि पिन दाखवली. ती काय हे तिला सांगावं लागलं नाही. ती कालच्या कामात येता-जाता सगळं बघत होती.

"कुठल्या चाकाची?"

"उजव्या."

"उजवीकडं तर तुझे अप्पा बसतात," माय म्हणाली. चुलीवरचा तवा तिनं खाली उतरवला, लुगड्याच्या गाठीतून एसटीपुरते पैसे काढून माझ्या हातात कोंबले. "आज जळकोटकडं जायचं म्हणत होते. पळ. पक्कड घे."

जळकोटची गाडी स्टँडवर लागलीच होती. मी कंडक्टरच्या मागच्या बाकावर खिडकीशी बसले. मुठीत पिन, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली पक्कड. ती बस इतकी सावकाश कधीच गेली नसेल. प्रत्येक फाट्यावर थांबायची, बोचकी चढायची, करडू चढायचं. मी डोळे सडकेवर ठेवले होते. आमच्या बाजूची जमीन सपाट, पण जळकोटकडं चढउतार सुरू होतात, कडेला खोलगट नाले. एका उताराच्या खाली सडकेवर गर्दी दिसली. पन्नास-साठ माणसं वाकून काहीतरी बघत होती. मी उभी राहिले. बस जवळ गेली तर दुष्काळी कामावरच्या खडी फोडणाऱ्या बाया, हजेरी द्यायला मुकादमाभोवती जमलेल्या. मी बसले ते कंडक्टरच्या पायावरच. तो म्हणाला, "बाई, तब्येत बरी न्हाई का?" मी म्हणाले, बरी आहे.

जळकोटच्या अलीकडच्या एका फाट्यावर चहाचं खोपटं होतं. तिथं साहेब चहा घेतात हे अप्पांच्या बोलण्यात यायचं. मी उतरून चहावाल्याला विचारलं, निळी गाडी बघितली का.

"आत्ता तर गेली की. डोंगराकडच्या वाडीला. तुम्ही कोण त्यांच्या?"

"पोरगी. किती लांब हाय?"

"चालत जाशील तर दोन तास. सडक न्हाई, मुरूम टाकलाय नुसता." मग त्यानं हनुवटीनं दाखवलं. "ही बोरची गाडी तिकडंच चाललीय. बघ, घेतात का. पण त्यांना आपली बोली कळत न्हाई हं."

खोपटाच्या मागं बोर घेण्याची मशीन असलेली ती अजस्र लॉरी उभी होती. उन्हाळा लागला की असल्या लॉऱ्या खालून, मद्रासच्याही पलीकडून, आमच्या मुलखात यायच्या. त्यांची माणसं महिनोन्‌महिने लॉरीतच राहायची, लॉरीतच रांधायची. ड्रायव्हर काळाभोर, कपाळाला राखेचे तीन पट्टे, आमच्यासारखेच. मी त्याच्याकडं गेले आणि मराठीत सांगू लागले. त्यानं हात हलवला, कळत नाही. मी हिंदी बोलून बघितलं. तेही नाही. मला रडू यायला लागलं. काय करावं सुचेना, म्हणून मी मूठ उघडून पिन त्याच्यासमोर धरली.

त्यानं ती उचलून घेतली. फिरवून बघितली. पाय सरळ आहेत हे बघितलं. मग माझ्याकडं बघून त्यानं स्वतःच्या लॉरीच्या पुढच्या चाकाकडं बोट केलं. मी मान हलवली, आणि वाडीच्या रस्त्याकडं बोट केलं. त्यानं हातातला चहाचा ग्लास तसाच ओतून दिला, आपल्या माणसांना दोनच शब्द बोलला, आणि मला हाताला धरून केबिनमध्ये चढवलं. अजून मला त्याचं नाव माहीत नाही. ते आम्ही एकमेकांना विचारणार तरी कसं?

लॉरी त्या मुरमावरून अशी गेली की मागं पाइपांचा भडिमार चालल्यासारखा आवाज येत होता. दोन चढ झाले. तिसऱ्या चढावर धूळ दिसली, आणि धुळीत आमची निळी गाडी. केबिन उंच होतं, त्यामुळं मला ती वरून दिसत होती. प्रत्येक वळणाला उजवं चाक बाहेर आलेलं दिसायचं. खिडकीतून अप्पांचा हात बाहेर होता, कोपर दारावर टेकवलेलं, अगदी त्या चाकाच्या मागं. लॉरीनं हॉर्न दिला. अप्पांना वाटलं पुढं जायचंय. त्यांनी हातानं खूण केली, जा, आणि वाट द्यायला गाडी कडेला घातली. कडेला सगळे खड्डेच. उजवं चाक एका खड्ड्यात आदळलं, वर आलं, परत आदळलं. मी किंचाळले. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. चढ संपला तिथं त्यानं लॉरी पुढं काढली आणि सडकेवर आडवी उभी केली.

मी उडी मारली तेव्हा गाडी हळूहळू थांबत होती. अप्पा दार उघडून उतरले. त्यांचा चेहरा बघून वाटलं, मायला काही झालं असं त्यांना वाटलंय.

"कामून आलीस? काय झालं घरी?"

साहेब पलीकडच्या दारानं उतरून येत होते. मला अजून आठवतं, एवढ्या धावपळीतही माझ्या मनात आलं की यांच्या समोर बोलू नये. अप्पांना बाजूला घ्यावं. काहीतरी सांगावं, आजी गेली म्हणावं. गाडी गेली तर उन्हाळा कसा जाईल हे मला माहीत होतं. पण साहेब मागं न थांबता जवळ येऊन उभे राहिले, आणि अप्पा परत म्हणाले, "बोल की गं."

"अप्पा, उजव्या चाकाची पिन घालायची राहिली. टँकर आला अन् मी उठले. तशीच गाडी बंद केली."

अप्पांनी गाडीचं नाकाड उलटलं, आणि आम्ही दोघं वाकलो. काल मी खाच बरोबर भोकासमोर आणून ठेवली होती. आता ती भोकासमोर नव्हती. नट मागं फिरला होता. किती, तर एका खाचेएवढा. सांगायला कमी वाटतं. पण फिरायला लागला होता.

"काय झालं, वैजप्पा?" साहेबांनी विचारलं. "कशाची पिन?"

"साहेब, काल आम्ही घरी चाकाचे सांधे बदलले. शेवटी तपासायचं काम माझं. मी तपासलं न्हाई."

"न्हाई, मी विसरले," मी म्हणाले.

"तू गप."

मी पान्यानं नट परत आवळला. अप्पांच्या डिकीत पाना असायचाच. खाच जागेवर आणली. लॉरीच्या ड्रायव्हरनं मुठीतली पिन माझ्या हातावर ठेवली. मी ती घातली, पक्कडीनं पाय फाकवले, मुडपले. तिसऱ्यांदा जमलं. साहेब सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "आणि हे सुटलं असतं तर?" अप्पा म्हणाले, "चाक गेलं असतं." साहेबांनी चढाच्या खाली नाल्याकडं बघितलं आणि रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "चला. लोक वाट पाहून राहिले." पण ते पुढं बसले नाहीत. मागं, पेटीच्या शेजारी बसले. पुढं मी बसले.

फार वर्षांनी मी लातूरच्या एका वयस्क मेकॅनिकला हा प्रसंग सांगून विचारलं होतं, तो नट किती दिवस टिकला असता? तो म्हणाला, "मावशी, महिना बी टिकला असता, अन् पुढच्या खड्ड्यात बी गेला असता." मला तेवढंच कळलेलं आहे.

त्या वाडीत दुपारी बोरला पाणी लागलं नाही. नुसती पांढरी भुकटी उडाली. लोक रिकाम्या घागरी घेऊन परतले. संध्याकाळी साहेबांना विश्रामगृहावर सोडून आम्ही दोघं घराकडं निघालो, तर अप्पांनी बाजार समितीच्या मोकळ्या पटांगणाशी गाडी थांबवली. मला वाटलं आता बोलतील मला. मी तयार होते.

"सुमे," ते म्हणाले, "तुला किती वेळ लागला सांगायला?"

"तासभर गेला, अप्पा. बस मिळाली तसं..."

"ते न्हाई. पिन दिसली अन् तू घरातनं निघालीस, त्याला किती?"

"लगेच. थोडा वेळ झाडत होते. मग."

त्यांची वाकडी बोटं स्टिअरिंगवर पसरलेली. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं काय वाजायलंय ते. मी फिटर माणूस. तीन आठवडे मी त्या पोराला त्या गाडीत घालून डोंगर फिरवला. रोज म्हणायचो, उद्या सांगू. रोज संध्याकाळी तो सुखरूप उतरला की म्हणायचो, आजचं झालं. अन् तुला विचारलं की चिडायचो."

मला त्यांच्याकडं बघवेना. बापाला मुलीसमोर असं बोलावं लागतं हे मला तेव्हा फार वाईट वाटलं. आज मला वाटतं, ते माझ्यासमोर बोलले म्हणून पुढं साहेबांसमोर बोलू शकले. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते विश्रामगृहावर गेले आणि त्यांनी साहेबांना तेही सांगितलं, तीन आठवड्यांचं. कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सांगितलं हे चांगलं केलं. पण वैजप्पा, माझी मुलगी दोन वर्षांची आहे." त्यानंतर खात्यानं दुसरी गाडी लावली. बाकीचा उन्हाळा आम्ही लग्नाची आणि दवाखान्याची भाडी करून काढला. कसा काढला ते मायलाच माहीत.

पण त्या सकाळी अप्पा घरी परत आले तेव्हा साडेसात-आठ वाजले असतील. मायनं चेहऱ्यावरून ओळखलं, काम गेलं. तिनं ताट वाढलं. त्यांनी दीड भाकरी खाल्ली, हात फडक्याला पुसले, आणि भिंतीकडं तोंड करून घोंगडीवर आडवे झाले. थोड्याच वेळात घोरू लागले, तीन आठवड्यांत रात्रीही त्यांना अशी झोप लागली नव्हती. ऊन उंबऱ्यातून आत आलं, त्यांच्या पायावर आलं, गुडघ्यापर्यंत चढलं. माझ्या हातून तांब्या पडला तेव्हा मायनं डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं.

दहाच्या सुमारास शेजारच्या काकू दारात आल्या. गाडी उभी दिसली म्हणून विचारायला.

"काय गं, आज गाडी गेली न्हाई व्हय? सायेब न्हाईत का?"

माय उठून दारात गेली, दार ओढून घेतलं आणि अगदी हळू म्हणाली, "हळू बोला. मालक झोपलेत."